आईची तीन बटणं

माझी आई खारबावला एकटी राहते. स्टेशनापासून बरंच आत, भातशेतांच्या कडेला आमचं घर आहे. तिला शहरात, टेमघरला माझ्याकडे आणायचा प्रयत्न मी किती वेळा केला, त्याची गणती नाही. ती येते, चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दाराशी उभी राहते. कारण विचारलं की म्हणते, "तिकडं कोंबड्या हायत."

त्या घरात मोबाइल चालत नाही. बांधावर जाऊन उभं राहिलं तर रेंजच्या एकदोन काड्या दिसतात, आणि वीज गेली की त्याही जातात. एका वर्षी आई सकाळी अंगणातल्या विहिरीजवळ घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. पाड्यावरची एक मावशी रोज दुपारी तिच्याकडे यायची. त्या दिवशी ती आली तेव्हा तिला आई अंगणात पडलेली दिसली. दोघी साधारण एकाच वयाच्या. एकेकाळी लावणीला एका ओळीत वाकलेल्या, आता एकमेकींच्या सोबतीला. मला ही बातमी संध्याकाळी कळली. दिवसभर मी कामतघरच्या कारखान्यात नेहमीसारखे कापडाचे तागे तपासत होते. दुपारी बायकांबरोबर डबा खाल्ला होता, कशावरून तरी पोट धरून हसलेही होते. आई उन्हात पडलेली असताना आपण हसत होतो, ही गोष्ट मला पुढे फार दिवस टोचत राहिली.

त्याच वर्षी गल्लीतले चाचा आमच्याकडे आले. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. घराणं जुनं कोकणी, भाऊ-पुतणे सगळे व्यापारात, पण हे जन्मभर जहाजावर वायरलेसचं काम करून आलेले. सत्तरी ओलांडलेली, पाठ मात्र ताठ. हातात साबणाच्या डबीएवढी एक डबी होती आणि तिला बोटभर लांबीची काळी काडी.

"बेटी, तुमची गच्ची गल्लीत सगळ्यांत उंच. ही तिथं बांधू द्याल का?"

मी आधी घाबरलेच. वीज पडेल का, पोलीस येतील का, सगळं विचारलं. ते शांतपणे खुर्चीवर बसले आणि समजावू लागले. हिला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, टॉवर लागत नाही, वायफाय लागत नाही. एका डबीने चार शब्द हवेत सोडायचे, दुसरीने ते झेलून तिसरीकडे द्यायचे. बोलणं होत नाही, फक्त लिहिलेला छोटा निरोप जातो. परवाना लागत नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. जेवायच्या ताटाएवढा सोलरचा पत्रा लावला की विजेचीही गरज नाही.

माझा नवरा आतून म्हणाला, "चाचा, एवढं व्हॉट्सअॅप असताना हे खेळणं कशाला?"

चाचा हसले. "व्हॉट्सअॅप आहे तोवर खेळणंच आहे."

मी आणखी एकच प्रश्न विचारला. "खारबावला पोचेल?"

एका उडीत पोचत नव्हतं. मधे इमारती होत्या, झाडं होती. पण वाटेवरच चाचांच्या चुलतभावाचं गोदाम होतं. त्याच्या छपरावर दुसरी डबी बसली आणि खिशात ठेवायची एकेक तिथल्या वॉचमनला आणि मला दिली, मोबाइलला जोडलेली. वॉचमन उत्तरेकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. शेवटची आईच्या घरी. तिला मोबाइलवर लिहिता येत नाही; चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून वाचते. म्हणून चाचांनी माझा एक जुना मोबाइल सिमशिवाय त्या डबीला जोडून दिला, म्हणजे मी लिहिलेलं तिला मोठ्या अक्षरांत दिसे. आणि उत्तर द्यायला डबीवर तीन बटणं बसवली. भंगारात गेलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, स्टार्टरची ती बटणं, चांगली अंगठ्याएवढी. हिरवं दाबलं की "बरी आहे" जाईल, पिवळं दाबलं की "ये", लाल दाबलं की "दवाखाना".

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरी आहे नको. बरी हाय ल्ही. न्हायतर मीच बोलले ते हिला कसं कळंल?"

चाचांनी तिथेच बसून ते बदललं.

तेव्हापासून रोज सकाळी मी डबा भरत असताना मोबाइल थरथरायचा. बरी हाय. एवढंच. कधी निरोप पोचायचा नाही, मग ती पुन्हा दाबायची. कधी मावशीच गंमत म्हणून दाबायची आणि एकदम सहा वेळा बरी हाय यायचं. आईला याआधी मी कधी "बरी आहेस ना" असं रोज विचारलं नव्हतं. डबी आल्यावर ते आपोआप व्हायला लागलं.

मागच्या ऑगस्टमध्ये तीन दिवस सलग पाऊस लागला. कामवारी नदी फुगली, सखल भागात पाणी शिरलं, वीज बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवरही गेले. सगळी गल्ली मोबाइल हातात घेऊन गच्चीवर चढली, पण कुणालाच काही लागेना. माझ्याकडे मात्र बरी हाय येत होतं. पाड्यावर पाणी आल्यामुळे मावशीही आईकडेच मुक्कामाला आली असणार, असा माझा अंदाज होता. नवरा कारखान्यात लूमच्या मोटारी वर उचलून ठेवायला गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मोबाइल थरथरला. मी नेहमीसारखं न बघताच मनात बरी हाय म्हटलं. मग पडद्याकडे पाहिलं. दवाखाना.

लगेच पुन्हा. दवाखाना. दवाखाना.

मी तशीच अनवाणी चाचांकडे धावले. मोबाइल त्यांच्याच हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रडायचं नंतर. आधी विचारायचं. तिच्याकडे तीन बटणं आहेत. दोन खूप झाली."

आमच्या गच्चीवर जिन्याच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आई, मी विचारते. हो असेल तर हिरवं दाब, नाही असेल तर पिवळं.

तिला वाचायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, तरी ती तीन-चार मिनिटं सरता सरेनात. मग आलं, बरी हाय.

"कळलं तिला," चाचा म्हणाले. "आता विचार, तुला काही झालंय का?"

उत्तर आलं, ये. म्हणजे नाही. मी जिन्यावर बसले. पण चाचा थांबले नाहीत. "मावशीला?"

बरी हाय.

पडद्यावर बरी हाय आणि त्याचा अर्थ मावशीला काहीतरी झालंय, असा तो उलटा हिशेब डोक्यात बसवत आम्ही पुढे गेलो. पडली का? ये. ताप आहे? ये. छातीत दुखतंय? ये. प्रत्येक उत्तराला मिनिट-दोन मिनिटं. एक निरोप गेलाच नाही, तो पुन्हा पाठवला. चाचा पावसाकडे बघत होते. एकदम म्हणाले, "पाणी वर आलंय बेटी. जनावरं कोरडी जागा शोधतात. साप विचार."

मी लिहिलं, साप चावला?

बरी हाय. बरी हाय. बरी हाय.

आरोग्य खात्याच्या आशाताईंनी वस्तीतल्या बायकांना जे शिकवलं होतं ते त्या क्षणी नशिबाने आठवलं. मी लिहिलं, तिला निजवून ठेव. चावलं तो हात-पाय हलवू देऊ नको. बांधू नको, कापू नको, भगत-मांत्रिकाला बोलवू नको. आम्ही येतो. हिरवं आलं.

येतो म्हटलं खरं, पण कसे? आमच्या भागातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि रिक्षा एकही नव्हती. चाचांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि मधल्या गोदामाला हिंदीत लिहिलं: खारबाव में औरत को सांप काटा है. ऊँची गाड़ी मिलेगी?

वॉचमनचं उत्तर लगेच आलं. पानी से तीन ट्रक रुके हैं. पूछता हूँ.

आणि मग दुसरं: एक ड्राइवर तैयार है. रास्ता बताओ.

मी घराची वाट लिहिली. स्टेशनच्या अलीकडे पिंपळ, तिथून डावीकडे, पुढे गाडी जाणार नाही, पायी बांधावरून. तुकडे तुकडे करून पाच निरोप झाले. चाचा म्हणाले, "आता तू सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना आधी कळलं तर इंजेक्शन तयार राहील. मी इथून हलत नाही, गाडीलाही माझ्या डबीवरून तोच दवाखाना कळवतो."

कुठे गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं पाणी तुडवत मी दवाखाना गाठला. माझी डबी आणि मोबाइल पिशवीत होते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बहुधा सलग दोन ड्युट्या करून थकलेल्या. मी सर्पदंश म्हटल्यावर त्या उठल्याच. "पेशंट कुठे आहे?"

"वाटेत आहे."

"तुम्हाला कसं कळलं? फोन तर कुणाचाच चालत नाही."

मी डबी दाखवली. त्यांनी बघितलं आणि नर्सला इंजेक्शनं काढायला सांगितली.

मी बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत राहिले. पण मी एकटी नव्हते. वॉचमन स्वतः ट्रकबरोबर गेले होते आणि त्यांच्या खिशातली डबी अधूनमधून बोलत होती. पीपल दिख गया. मग बराच वेळ काही नाही. मग, माई मिल गईं. मग, खाट पे उठा लिया. आणि शेवटी, निकले.

ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी आला तेव्हा त्याच्या दारापर्यंत चिखल होता. केबिनमधून वॉचमननी आणि उंच, दाढी वाढलेल्या ड्रायव्हरने मावशीला खाली उतरवलं. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. मागोमाग माझी आई उतरली. अंगावर मावशीचं लुगडं, स्वतःचं तिने मावशीला पांघरलं होतं. पडवीतल्या लाकडांच्या मोळीत घोणस येऊन बसली होती, चुलीला लाकूड ओढताना चावली, हे आईने मला तिथे सांगितलं. मग म्हणाली, "तू इचारत होतीस आणि मी बटणं दाबत होते. मना वाटलं, माझी पोर हितंच बसली हाय."

मावशी वाचली. दहाबारा दिवस दवाखान्यात होती. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, पण ती त्याच हाताने भाकरी थापते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

नवरा चाचांकडे जाऊन पाया पडला. पुन्हा खेळणं म्हणाला नाही. मीही आभार मानायला गेले. चाचांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "जहाजावर मी जन्मभर लोकांचे निरोप नेले. कुणाला पोरगी झाल्याचा, कुणाचा बाप गेल्याचा. घरी आलो तेव्हा वाटलं, आता माझ्या हातून कुणाचा निरोप जायचा नाही. उपकार तुझे आहेत बेटी. तू गच्ची दिलीस."

पाणी ओसरल्यावर आईने तांदळाच्या पापडांचं एक गाठोडं माझ्याकडे दिलं आणि बजावलं, "त्या गाडीवाल्याला दे. त्याने आमच्याकडं पाणीसुद्धा घेतलं न्हाय." एका रविवारी मी गोदामावर गेले. वॉचमन फाटकाशीच होते. त्यांना मी वाकून नमस्कार केला तर ते संकोचून बाजूला झाले. ड्रायव्हरचं विचारलं. तो रस्ता मोकळा होताच त्याच संध्याकाळी माल घेऊन निघून गेला होता. नाव? कुणी विचारलंच नव्हतं. गाडी कुठली? "साउथ की थी, इतना मालूम है."

फाटकातून एकामागून एक ट्रक बाहेर पडत होते. केबिनमधले चेहरे बघत मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मग गाठोडं वॉचमनांच्या हातात दिलं.

"वो तो अब मिलेगा नहीं, बहनजी," ते म्हणाले. "यहाँ जो ड्राइवर रुकते हैं, उनको खिला दूँ?"

"खिला दीजिए," मी म्हटलं. "सबको."