काचेचं झाकण

कुठलीही मोटार दुरुस्तीला आली की रशीदचाचा आधी तिच्याकडे बघतच नसत. विचारत, "चालवते कोन इले?" मालक फुशारकीनं पुढे झाला तर त्याला बाजूला सारत. "मालकाले बिल मालूम असते. बिमारी चालवनाऱ्याले मालूम." नांदुऱ्यात त्यांना तिरसट म्हणत. मीही म्हणत असे.

आमच्या यांची नोकरीतली अकरा वर्षं रत्नागिरीत गेली. निवृत्तीनंतर यांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची काचटाकी केली, सहा मासे आणले. पुढे अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरली ती टाकीसमोरची खुर्ची आणि तेवढ्यापुरती डोळ्यांत येणारी चमक. मी त्या चमकेवर जगत होते, दुसरं काही नव्हतं.

मे महिन्यात टाकीचं पाणी तापायला लागलं. सव्वीसवर राहायचं ते तेहतीसवर गेलं. पाच दिवसांत चार मासे मेले. मी बर्फाच्या पिशव्या सोडल्या, पंप बदलला, देव पाण्यात घातले. हे डावा हात सारखा टाकीकडे उचलत. मला वाटे, मासे वाचव म्हणतात. "करतेय हो," म्हणून मी तो हात खाली ठेवी. शेवटी चाचांना बोलावलं.

मी भडाभडा सांगत सुटले. चाचा म्हणाले, "बाई, तुमी जरा बसा." आणि स्वतः यांच्यासमोर फरशीवर बसले. "साहेब, टाकी तुमची. कुठं दुखून राह्यलं तिचं?"

हात उचलला गेला. चाचांनी पंपावर बोट ठेवलं. यांनी मान हलवली, नाही. दिव्यावर ठेवलं. नाही. टाकीवर झाकण म्हणून मी नवी काच बसवली होती, तिच्यावर ठेवलं. यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

नळ आठ दिवसांनी येतो. टाकीतलं बादलीभर पाणी रोज उडून जाई, तितकं गोडं पाणी ओतावं लागे. ते वाचावं म्हणून मीच मापाची काच कापून आणली होती. पाण्यावर वारा घालायला यांनी बसवलेला छोटा पंखा तेव्हापासून नुसता काचेवर फिरत होता.

"माठाले तेलरंग देल्ला त पाणी थंडं होईन काय, बाई? उडते म्हून त थंडं राह्यते. तुमी तोंडच बांधलं त्याचं." मग जरा हळू म्हणाले, "साहेब पाच दिवसापासून सांगून राह्यले. तुमी इचारलंच नाही."

चाचांनी काच काढली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. चार जीव माझ्या हातानं गेले होते, आणि हे डोळ्यांदेखत बघत होते. मी खुर्चीशी बसले. म्हटलं, "अहो, अजून काय सांगायचं राहिलंय?"

हात पुन्हा उठला. या वेळी कूलरकडे. उकाड्यात यांना बरं वाटावं म्हणून होळीपासून मी त्याचा झोत थेट यांच्यावर सोडला होता. मी लुळ्या खांद्याला हात लावला. खांदा गारठलेला होता.

चाचा दारात चप्पल घालत होते. ते परत आत आले, त्यांनी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि खांद्यावरचा आपला रुमाल काढून यांच्या खांद्यावर टाकला.