लाख वातींचा नवस

माझ्या मुलीचं, ओवीचं, नाव शाळेतून काढायला मी निघाले होते. पर्समध्ये अर्ज तयार होता. आता सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, इतका आनंद झालाय!

ओवी दहा वर्षांची. जन्मापासून हातपाय ताठ, बोलता येत नाही, मुठी सदा आवळलेल्या. नगरच्या तिच्या शाळेत व्यायाम आणि अभ्यास एकत्रच घेतात. थेरपीच्या ताई तिचा हात मोकळा करत असतात आणि तेव्हाच बाई अंक शिकवत असतात. मला ते मुळीच पटत नव्हतं. एक ना धड भाराभर चिंध्या! ओवी व्यायामाला रडायची आणि अंक सुरू झाले की डोळे मिटून घ्यायची. मी म्हटलं, आधी शरीर तर सुधारू दे, अभ्यास कुठे पळून चाललाय? तिला घरी ठेवून दिवसभर नुसता व्यायाम करून घ्यायचा, असं मी ठरवूनच टाकलं. देवालाही कामाला लावलं. तिचे हात मोकळे व्हावेत म्हणून लाख वातींचा नवस बोलले.

माहेरी पुणतांब्याला गेले तेव्हा गोदावरीकाठच्या देवळात कापूस घेऊन वाती वळत बसले. ओवीला तिच्या खुर्चीत जरा लांबच ठेवलं होतं. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन एक अनोळखी म्हातारी टेकली.

"पोरीला का गं लांब बसिवलीस?"

"आजी, नवसाच्या वाती आहेत. तिची लाळ गळते, उष्ट्या व्हायला नकोत."

"कुनासाठी हाय नवस?"

"तिच्यासाठीच."

"मंग? तिला लांब सारून तिच्यासाठी देव गाठती व्हय?"

माझा पारा चढला. तोवर म्हातारीने खुर्ची पुढे ओढलीसुद्धा. ओवीचं कोपर आपल्या गुडघ्यावर टेकवलं आणि एक वात तिच्या बोटांशी धरली. "घे बाय, ताटात टाक. येक." मूठ उघडेना. म्हातारीला काही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने बोटं सैल झाली, त्यांनी वात पकडली, आणि मग पुन्हा सैल होऊन ती ताटात सोडली! "दोन." "तीन." पुढची वात देताना म्हातारी म्हणाली, "पाच." ओवीने ती सोडलीच नाही. मूठ घट्ट आवळून ओरडायला लागली. मला वाटलं, कुठे दुखलं की काय. "बरं बाय, चार," म्हातारी म्हणाली. ओवी खदखदून हसली आणि तिने वात ताटात टाकली.

अगं बाई! शाळेत डोळे मिटून पोर झोपत नव्हती, सगळं ऐकत होती! आणि जी मूठ मी रोज तेल लावून, ओढून, रडवून उघडायचे, ती तिने मोजण्याच्या नादात आपणहून उघडली होती. म्हातारी मुद्दाम चुकली की खरंच विसरली, देव जाणे. विचारायचं मला सुचलंच नाही. मी ओवीला कवटाळून रडत होते, आणि बाजाराचा टेम्पो आला तशी "लई गुनाची हाय गं" म्हणत ती निघूनही गेली.

अर्ज मी तिथेच फाडला. सोमवारी कापूस घेऊन शाळेत अक्षरशः पळत गेले. मी बोलत सुटले होते आणि ताई नि बाई एकमेकींकडे बघून हसत होत्या. आता गणिताच्या तासाला ओवीपुढे वातींचं ताट असतं. लाळेने ओल्या झालेल्या वाती मी उन्हात वाळवते आणि त्याच नवसाला लावते. छान तेवतात. देवाने काय द्यायचं, आधी काय, नंतर काय, सगळं मीच त्याला सांगून बसले होते. आता तो देईल तसं घेते.

परवा बाईंनी विचारलं, "ओवी, आज वर्गात कोण कोण आहे? एकेकाची वात टाक." मी दारात उभी होते. ताईंनी कोपराला आधार दिला. तिच्यासकट पाच मुलांच्या पाच वाती पडल्या, मग बाईंची, मग ताईंची. मला वाटलं, झालं. पण ओवीने मोठ्या कष्टाने मान दाराकडे वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि आणखी एक वात उचलली.

त्या संध्याकाळी देवापुढे मी काहीच मागितलं नाही. नुसता नमस्कार केला.