खोलीपेक्षा थंड

आमच्या भागात कुणाला कॉम्प्युटर जुळवायचा असला की मला फोन येतो. कॅबिनेट — म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा — कोणतं घेऊ, हा प्रश्न ठरलेला. मी सांगतो — मोठं घ्या, समोर जाळीचं घ्या, काच आणि रंगीत लाइटच्या नादी लागू नका. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो, म्हणून आवाज कमी होतो आणि मशीनही थंड राहतं. यात खोटं काही नाही. पण मागच्या मे महिन्यात माझ्या स्वतःच्या कॅबिनेटच्या बाबतीत जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्समध्ये. आमच्या घरातला पहिला पदवीधर. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू उतरवून टाकणं... या गोष्टींवरून मी गावात भांडणं केली आहेत, सख्ख्या मामाशी वर्षभर अबोला धरला आहे. त्यामुळे इथे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. तरी जसं झालं तसं लिहितो.

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, मेडशीपासून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. दोन खोल्यांचं घर, वर टिनं. पुढच्या खोलीत माझं टेबल आणि कॉम्प्युटर. मधल्या दारातून आत गेलं की गॅस, ताईची शिलाई मशीन आणि तिची खाट. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच — आई, ताई आणि मी. काम माझं लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचं. वाशिमला एक स्टुडिओवाले आहेत, त्यांना मी शेठ म्हणतो. ते हार्ड डिस्क पाठवतात, मी फिल्म तयार करून देतो.

ताईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा माझी शाळा बुडू नये म्हणून सातवीतून तिनं स्वतःची शाळा सोडली. मला सकाळी भाकर करून द्यायची आणि दिवसभर लोकांच्या वावरात जायची. माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांची फी तिनं लोकांचं सोयाबीन सोंगून, कापणीच्या मजुरीतून भरली. पुढे तिचं लग्न शिरपूरकडच्या एका गावात झालं. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासूनं तिला आमच्या दारात आणून सोडलं, आणि मग फारकत झाली. त्या माणसाबद्दल, त्या घराबद्दल ताई कधी एक शब्द बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिला अर्धशिशी लागली.

माझं जुनं कॅबिनेट म्हणजे लहानसा डबा होता. आत हवेला जागा नाही, मागे तळहाताएवढे दोन पंखे. रेंडर लावला — म्हणजे तयार फिल्म मशीनकडून बनवून घ्यायला लावली — की ते पंखे किंचाळायचे. ताई डोक्याला फडकं बांधून आतून ओरडायची,

"गज्या, तुह्यं विमान उतरव न बाप्पा! डोक्यातून चाललं माह्या!"

"अर्धा घंटा, ताई."

"मंग मले तरी उतरव कुठं, मेडशीच्या फाट्यावर."

म्हणून मार्चमध्ये मी अकोल्याला गेलो. दुकानदार काचेचंच दाखवत होता, पोरं हेच नेतात म्हणाला. मी त्याला म्हटलं, मला आवाज न येणारं पाहिजे, घरात बहीण आजारी असते. मग त्यानं मागच्या बाजूनं एक काळं, गुडघ्याच्या वर येणारं धूड काढलं. समोर पूर्ण जाळी, जाळीमागे धुळीची गाळणी, तीन मोठे पंखे आत ओढणारे, एक मागे फेकणारा. नवंकोरं होतं, खोकं मीच फोडलं. हे मुद्दाम लिहितो, कारण आधी कुणाचं होतं, असं कुणीतरी विचारणारच. कुणाचंच नव्हतं.

एसटीत ते मांडीवर मावेना. कंडक्टर म्हणाला, "फ्रीज हाय का कूलर? याचं बी तिकीट फाडतो मी." बाजूची बाई म्हणाली, "राहू द्या न भाऊ, पोट्ट्यानं बायकोसाठी घेतलं अशीन."

घरी सगळं जुळवून सुरू केलं. ताई आली, वाकून त्याला कान लावला.

"चालू हाय का मेलं हे?"

"चालू हाय ताई. मोठे पंखे हायेत, सावकाश फिरतात."

"तुले बायको बी अशीच पाह्यजे. मोठी अन् गुमान."

त्या दुपारी मशीनवर रेंडर सुरू असताना ताई दोन तास झोपली. मी दारात उभा राहून तिच्याकडे बघत होतो. कॉलेजच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मे महिन्यात लग्नसराईचं काम वाढलं. शेठनी एक डिस्क पाठवली. पहिली क्लिप उघडली — घोड्यावर नवरदेव. तो ताईचा नवरा होता. म्हणजे आधीचा.

मी शेठना फोन केला.

"शेठ, हे काम दुसऱ्याले द्या न."

"काहून बे? पैशाचं काय हाय का?"

"नाई शेठ. जमत नाई, बस."

"जमत नाई म्हणजे? शुक्रवारी चार वाजता त्याईचा माणूस येऊन राह्यला गाडीवर, संध्याकाळी पूजेत टीव्हीवर लावाचं हाय. तुले नाई जमत तं ज्याले जमते त्याले देतो. पण मंग पुढचं बी त्यालेच देईन, आताच सांगून ठेवतो."

कारण सांगितलं असतं तर शेठनी ऐकलं असतं, माणूस वाईट नाही. पण मला लाज वाटली. मी म्हणालो, "राहू द्या शेठ, करतो."

आठवडाभर मी हेडफोन लावून, स्क्रीन भिंतीकडे वळवून ती फिल्म कापली. ताईकडे इंटरनेटचा मोबाइल नाही, शेजारपाजारी त्या लग्नाची वार्ताही आलेली नव्हती. फिल्ममधली एक जागा मी काढून टाकली. हळदीच्या वेळी ताईची आधीची सासू बायकांमध्ये बसून हसत होती आणि सांगत होती, "पयली म्हणजे कोरडी हीर होती बाप्पा. चार वर्स दोर सोडला, पाणी नाई लागलं." आठ-नऊ सेकंदांचा तुकडा. फक्त माझ्या हेडफोनमध्ये वाजलेला. तो मी कापून टाकला.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला रेंडर लावला. तीन तासांचा अंदाज दाखवत होता. भिंतीवरच्या तापमापकात खोली एक्केचाळीस अंश होती. एवढ्या उन्हाळ्यात मशीनचा प्रोसेसर पूर्ण ताकदीनं चालताना सत्तर-बाहत्तरला जातो, हे मला पाठ होतं. मी सहज आकडा बघितला. बाहत्तर. दहा मिनिटांनी एकोणसाठ. मग अठ्ठेचाळीस. मग छत्तीस...

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. हवेनं थंड होणारी कोरडी वस्तू त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. कॅबिनेट कितीही मोठं घ्या, पंखे कितीही लावा. बारावीचं पोरगंही हे सांगेल. आणि मशीन बसून राहिलं नव्हतं, टक्के पुढे सरकत होते. मी मागच्या पंख्यापुढे हात धरला. माठाला हात लावावा तशी गार हवा.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "गजू, हिचं आंग पाह्य बरं. चटका बसून राह्यला."

ताई खाटेवर पडली होती. अर्ध्या तासापूर्वी ब्लाउजला हुक लावत होती. थर्मामीटर लावला — एकशे तीन. आईनं कांदा किसला, तळपायांना चोळायला लागली. मी म्हटलं ऊन लागलं असेल. पण ताई सकाळपासून घराबाहेर गेलीच नव्हती, आणि त्याच टिनाखाली आईही बसलेली होती.

मी पुढे येऊन आकडा बघितला. एकवीस. सेन्सर बिघडला असणार म्हणून रेंडर थांबवला आणि तारा तपासल्या. सगळं जागेवर होतं. पाच-सात मिनिटं गेली असतील, आतून ताईचा आवाज आला, "माय, पाणी दे व." ती उठून बसली होती. ताप शंभर.

बरं वाटलं. रेंडर पुन्हा सुरू केला.

दहा मिनिटांत आकडा तिसाच्या खाली. आणि आई हाक मारायला लागली. ताईच्या काखेतून थर्मामीटर काढला, एकशे चार. का कोण जाणे, तोच थर्मामीटर पुसून मी मागच्या पंख्यासमोर धरला. त्यावर 'Lo' आलं. म्हणजे त्याला मोजता येणार नाही इतकं कमी.

माझ्या डोक्यात आलेली गोष्ट मी स्वतःशीही बोललो नाही. फक्त पुन्हा थांबवून बघितलं. घड्याळ लावून. सहा मिनिटांनी ताईला घाम फुटला, ताप उतरायला लागला.

म्हणजे आता मला कळलं होतं. फिजिक्सच्या भाषेत सांगायचं तर उष्णता नाहीशी होत नाही, कुठेतरी जाते. सव्वाएक वाजला होता, एकोणपन्नास टक्के काम झालं होतं. चारला माणूस येणार होता.

मी स्वतःला सांगितलं, गजू, तू शिकलेला आहेस. या योगायोगापायी सीझनचं काम घालवशील? आणि मी बटण दाबलं.

थोड्या वेळानं ताई बोलायला लागली. डोळे मिटलेले, मधलं दार उघडं. नव्या कॅबिनेटचा आवाज येत नव्हता, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. जुना डबा असता तर एकही आला नसता.

"नवरी आली... हिरवा शालू... मामानं धरलं तिले... चप्पल काढते आता..."

मी स्क्रीनकडे बघितलं. रेंडरच्या छोट्या चौकटीत हिरव्या शालूतली नवरी एका पायावर उभी राहून चप्पल काढत होती.

"अक्षता... त्याचा भाऊ हसून राह्यला... टोपी पडली..."

टोपी पडली. चौकटीत.

आई म्हणत होती, "कोणाचं लग्न पाह्यतं व बाई? कोणाचं?" मी हललो नाही. लग्नानंतर मी हळदीचे तुकडे आठवणीसारखे मागे लावले होते, ते सुरू झाले. मी जिथे कापलं होतं, ती जागा आली आणि गेली. तिथे चौकटीत फक्त हळदीची वाटी होती. आतून ताई बोलली, पण सासूच्या हेलात, हसत हसत —

"पयली म्हणजे कोरडी हीर होती बाप्पा. चार वर्स दोर सोडला, पाणी नाई लागलं."

मी हेडफोन उचलले आणि कानांवर चढवले. त्यात काही वाजत नव्हतं. नुसते चढवले.

प्रोसेसर अकरा अंशावर होता. शहाण्णव टक्के झाले तेव्हा आईनं मागून येऊन माझा खांदा गदागदा हलवला. तोंडावरून कळलं काय म्हणतेय ते. "पोरगी जाते रे!" मी एक कान मोकळा करून म्हणालो, "आलो, पाच मिनिटं." फिल्म पूर्ण झाली, डिस्कवर उतरवली, मग मी उठलो. ताप एकशे सहाच्या वर होता आणि तिला झटके येत होते.

शेजाऱ्याच्या गाडीतून वाशिमला नेलं. निघताना डिस्क मी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांकडे दिली होती. चारला माणूस आला आणि घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले उष्माघात. टिनाचं घर, मे महिना, असं होतं. मला ते मानायचं आहे. मशीनचा सेन्सर मी दोन ठिकाणी तपासून घेतला, चांगला आहे. तीच फिल्म मी नंतर एकदा, आई-ताई मामाकडे असताना, पुन्हा रेंडर करून बघितली. बाहत्तर अंश. एकही अंश खाली नाही. ताई जे बोलली ते तिनं कुठून बघितलं, कापलेली ओळ तिच्या तोंडी कशी आली, अकरा अंश म्हणजे काय... मी खूप वाचलं, कॉलेजच्या सरांनाही आडून विचारलं. उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

ताई वाचली. पण तिच्या हातांना कंप आहे आणि सुईत दोरा जात नाही. शिलाई मशीन आम्ही झाकून ठेवली आहे.

दवाखान्यात आठव्या दिवशी ती पहिल्यांदा नीट बोलली. आई डबा धुवायला गेली होती. ताईची जीभ जड होती, मला वाकावं लागलं.

"गजू, तू दोनदा थांबवलं न?"

मी काय थांबवलं, हे आईलाही माहीत नव्हतं. मी कुणाजवळ बोललो नव्हतो. मी मान डोलावली.

"मंग तिसऱ्यांदा काहून नाई थांबवलं रे?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग तीच म्हणाली, अगदी लहानपणी शाळेत उशीर झाल्यावर मास्तरांपुढे माझी बाजू घ्यायची तशी,

"शेठचा फोन आला अशीन. घाई करत अशीन तो. नाई?"

"हो," मी म्हणालो. "शेठचा फोन आलता."

त्या दुपारी माझा फोन एकदाही वाजला नव्हता.