एकसष्ट दगडांचे वय

१७ मार्च २००३. सातशे बारा माणसे.

गुरुनाथच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ठळक असे एवढेच होते: छपाईची तारीख, आणि ज्यांच्या मरणावर तो प्रबंध उभा होता त्यांची संख्या. रोमन साम्राज्याच्या आफ्रिकेतल्या सीमेवर तिमगाद नावाचे शहर होते. ही माणसे तिथे पुरलेली. त्यांच्या थडग्यांच्या दगडांचे फोटो पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, कार्डांवर चिकटवून ठेवले होते. त्या कार्डांवरचा मजकूर ओळीओळीने संगणकात उतरवला होता तो गुरुनाथच्या बायकोने, वीणाने.

वीणा वर्ध्याला सहा वर्षे शाळेत गणित शिकवत होती. इथे तिच्या पासपोर्टावर विद्यार्थ्याची पत्नी असा शिक्का होता. त्या शिक्क्यावर पगाराचे काम करता येत नाही आणि पदवीसाठी शिकताही येत नाही. खिडकीतून बर्फ बघत किती दिवस काढणार? जानेवारी २००१ मध्ये ती डबा घेऊन कॅम्पसच्या बसने तळघरात जाऊ लागली आणि पुढचे एकवीस महिने जात राहिली.

ते शहर तिला पुस्तकांच्या आधी दगडांनी शिकवले. इसवी सन शंभरमध्ये सम्राटाच्या हुकमाने ते वसले. वसवलेले लोक तिसऱ्या पलटणीतून निवृत्त झालेले सैनिक होते. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी, काटकोनात रस्ते. मग शिपायांची पोरे वाढली, व्यापारी आले, शहर चौकोनाबाहेर सांडले. नाट्यगृह झाले, स्नानगृहे झाली, ग्रंथालय झाले. पुढे साम्राज्याचा हात सैल पडला आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस डोंगरातल्या टोळ्यांनी शहर जाळले. पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची, बायझंटाइन फौज आली तेव्हा राहायला छप्पर नव्हते. तिने मेलेल्यांच्या थडग्यांचे दगड उपटले, मापात तासले आणि त्यांचा किल्ला बांधला. शेवटी वाळू आली.

थडग्याच्या दगडावर वय सहसा खालच्या ओळीत असे: इतकी वर्षे जगला, इतकी वर्षे जगली. किल्ल्यासाठी दगड तासणाऱ्यांनी नेमकी तीच बाजू छाटली होती.

त्या सोमवारी गुरुनाथ छापलेला प्रबंध घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेला उजेड होता. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, त्याची मौखिक परीक्षा होती. ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका विमा कंपनीने संख्याशास्त्रज्ञाची नोकरी देऊ केली होती, पण पदवी हातात असेल तरच. विद्यापीठाचे विद्यावेतन मे महिन्यात संपत होते. पदवी नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही. ही साखळी त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, पण दूध आणतानासुद्धा ती दोघांच्या मनात वाजत असे.

"हे बघ," त्याने एकशे चौदावे पान उघडले. "हे माझं सगळं आयुष्य."

पानावर एक आलेख होता. तिसऱ्या शतकातल्या मृतांची वये. रेषा सरळ चालत येत होती आणि तीस या आकड्यावर एकदम ताडासारखी उभी राहत होती.

"सगळे म्हणतात शहर पाचव्या शतकात मेलं. मी म्हणतो, ते दोनशे वर्षं आधीच आतून फुटलं होतं. ऐन तिशीतली एक पिढीच्या पिढी गेली. साथ असेल, सीमेवरची लढाई असेल. ऐंशी माणसं, वीणा! सगळी तिशीची!"

त्यांच्याबरोबर घर वाटून घेणारा अमित, नागपूरचा, संगणकशास्त्राचा विद्यार्थी, सोफ्यावर मॅगी खात होता. "यार गुरू, रोमन लोक तिशीत मरायचे आणि तू पस्तिशीत पीएचडी करतोस. म्हणजे तू तिथं कधीच सर्व्हाइव्ह झाला नसतास. हो ना, वहिनी?"

वीणा हसली नाही. तिने पान हातात धरले होते. ते ताडासारखे उभे झाड तिने स्वतःच्या हाताने लावले होते.

सव्वा वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात किल्ल्याच्या भिंतीतले दगड तिच्यापुढे आले तेव्हा कार्डांवर वयाच्या जागी नुसता रिकामा चौकोनी कंस असे, म्हणजे इथला मजकूर तुटलेला. माहिती भरण्याचा संगणकातला तक्ता अमितने बनवला होता आणि त्यात वयाचा रकाना रिकामा सोडून पुढे जाता येत नसे. शून्य लिहावे तर ते तान्ह्या मुलांचे वय होते. तिने अमितला विचारले होते.

"वहिनी, उद्या माझी एक्झाम आहे. टाका ना काहीतरी, मी नंतर फिक्स करतो."

तिने तीस टाकले. तीसच का? त्या महिन्यात तिला स्वतःला तीस वर्षे पूर्ण झाली होती, हे एक. पण खरे कारण याहून जुने होते. तिचे वडील आर्वीजवळच्या खेड्यात हेडमास्तर होते. जूनमध्ये आईबाप पोराला घेऊन येत आणि त्यांना जन्मतारीख सांगता येत नसे. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगत. कान हाती लागला की सहा पूर्ण, आणि रजिस्टरात तारीख पडे एक जून. मास्तर म्हणत, कागदाला तारीख लागते, पोराला शाळा लागते, आपण मध्ये का आडवं यावं? उदगीरजवळच्या एका खेड्यात अशाच कुणा मास्तरांनी गुरुनाथलाही एक जून दिला होता. त्याच्या वर्गात सत्तावीस पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी येई. लग्नानंतर ही गोष्ट सांगून त्याने तिला पहिल्यांदा पोट धरून हसवले होते.

ते तीस वीणाच्या लेखी खोटे नव्हते, तात्पुरती सोय होती. त्या कार्डांचे क्रमांक तिने जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे लिहून ठेवले होते. पण ऑगस्टमध्ये भाडेकरार संपला, गावातल्या सगळ्या विद्यार्थ्यांसारखी त्यांनीही एका दिवसात घरे बदलली, आणि जुन्या कागदांबरोबर ते पान रद्दीत गेले. अमितने तक्ता दुरुस्त केला नाही. तिनेही पुन्हा आठवण केली नाही.

मंगळवारी ती तळघरात गेली आणि आलेखातली तीस वयाची ऐंशी कार्डे काढून टेबलावर मांडली. दुपारपर्यंत त्यांचे दोन ढीग झाले. पहिल्या ढिगात, जिथे दगडावर खरोखरच तीस कोरलेले होते, एकोणीस कार्डे. दुसऱ्यात एकसष्ट. तिने दुसरा ढीग तीनदा मोजला. आकडा बदलला नाही.

बुधवारी सकाळी तिने सांगितले. गुरुनाथ दाढी करत होता. त्याने रेझर बेसिनवर ठेवला आणि अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच ठेवून बाहेर आला.

"एकसष्ट?"

"एकसष्ट."

"तुला कळतंय तू काय बोलतेस? एकसष्ट काढले तर उरतं काय?"

"एकोणीस. पंचवीसला सतरा आहेत, पस्तीसला वीस. तेही लोक वय पाचाच्या पटीत गोल करूनच सांगत होते. आलेख सपाट होतो, गुरू."

त्याने अमितच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कार्डं कोण बघतं? तू आणि मी. तीस वर्षांत ते कपाट कुणी उघडलं नव्हतं."

"मी उघडलं."

"नऊ दिवस राहिलेत! नंतर करेक्शन छापता येतं. नोकरी लागू दे, मग छापू."

"नंतर फिक्स करतो," वीणा म्हणाली. "अमितही हेच म्हणाला होता."

"मग माझी चूक आहे का यात? मी टाकले तीस?" त्याचा आवाज चढला. "घरी बसायचं नव्हतं म्हणून तू कार्डं घेतलीस. एक नियम होता, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. तू तर गणिताची टीचर!"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. अमित आपल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. आज त्याला विनोद सुचला नाही.

"फॉर्म माझा होता, गुरू," तो म्हणाला. "वहिनींनी मला विचारलं होतं. मीच सांगितलं, काहीतरी टाका."

गुरुनाथने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. वीणाने विचारले, "तुझी जन्मतारीख काय रे?"

"हे काय आता?"

"सांग ना."

"एक जून."

"खरी?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"तुला नाही माहीत. तुझ्या आईलाही नाही. म्हणून तू तीस पानं लिहून सिद्ध केलंस का, की एक जूनला मराठवाड्यात काहीतरी भयंकर घडत होतं?"

गुरुनाथने टॉवेलने चेहरा पुसला. फेस गेला, पण अर्धी दाढी तशीच राहिली, आणि त्या दिवशी तो तसाच विद्यापीठात गेला.

गुरुवारी सकाळी दोघे मार्गदर्शक प्राध्यापक योडर यांच्याकडे गेले. रात्रीत इराकवर बॉम्ब पडायला लागले होते. विद्यार्थी भवनातल्या टीव्हीसमोर मुले उभी होती, आणि कुणी तरी निवेदकाला उद्देशून ओरडत होते, किती मेले, ते सांगा ना, किती! योडरबाई साठीच्या, साध्या राहणीच्या मेनोनाइट पंथातल्या शेतकऱ्याची मुलगी, बोलणे मोजके. त्यांनी दोन्ही ढीग पाहिले, एकसष्टातली दहाबारा कार्डे उजेडाकडे धरून कंस तपासले आणि चष्मा काढला.

"परीक्षा रद्द," त्या म्हणाल्या. "सहा महिने तरी."

"ओहायोची नोकरी जाईल," गुरुनाथ म्हणाला.

"हो, जाईल." त्यांनी ते लपवले नाही आणि सांत्वनही केले नाही. मग वीणाकडे वळल्या. "चूक तुम्ही शोधली?"

"चूक मीच केली होती."

"ते मी ऐकलं. शोधली कुणी, ते विचारते आहे."

वीणाने सावकाश होकारार्थी मान हलवली. योडरबाई म्हणाल्या, "तळटीप लागेल. पण तुमचं नाव लिहिता येणार नाही. तुमच्या व्हिसावर चालत नाही असं काम तुम्ही केलं, असं कुणी म्हटलं, तर दोघांवर संकट येईल. हल्ली कुणी काहीही म्हणू शकतं."

नोकरी गेली. योडरबाईंनी विभागाशी भांडून गुरुनाथला एका सत्रापुरता शिकवण्याचा तास मिळवून दिला. त्या सत्रात भाडे भरल्यावर जे उरे त्यात तिघे डाळभातावर राहिले. अमित आपल्या वाट्याचे किराणा सामान मुकाट्याने त्यांच्या कपाटात ठेवून जाई. डिसेंबरमध्ये गुरुनाथने नवा प्रबंध मांडला. त्यात कोणतीही पिढी तिशीत संपत नव्हती. शहर तिसऱ्या शतकातही जगत होते, लेकरे होत होती, म्हातारे मरत होते; त्याचा अंत पुढे, इतिहासाला आधीच ठाऊक असलेल्या वेळी आला. परीक्षकांनी प्रबंध प्रामाणिक आहे असे म्हटले. नवीन आहे असे कुणी म्हटले नाही. पान त्र्याण्णववर तळटीप होती: माहिती भरताना एका साहाय्यकाकडून एकसष्ट नोंदींत वयाचा चुकीचा आकडा पडला होता, तो काढून टाकला आहे.

पुढे न्यू जर्सीत पिस्कॅटवेला नोकरी लागली, मुलगी झाली, तिचे नाव अनया. तिच्या जन्माचा दाखला इस्पितळातून आला तेव्हा गुरुनाथने त्यावरची तारीख, तास आणि मिनिट दोनदा मोठ्याने वाचले आणि कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला.

२००७ च्या शरद ऋतूत वीणाच्या हाती काम करण्याचा परवाना पडला. तिने गावच्या ग्रंथालयात नोंदणी साहाय्यकाच्या जागेसाठी संगणकावर अर्ज उघडला. 'अमेरिकेतील कामाचा अनुभव, महिन्यांत' असा एक रकाना होता. तिने तो सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. पडद्यावर लाल अक्षरे आली: हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

गुरुनाथ मागे उभा होता. "एकवीस लिही," तो म्हणाला.

"कुठं नोंद आहे?"

 वीणाने थोडा वेळ त्या चौकटीकडे पाहिले, मग शून्य टाकले आणि पुढे गेली.

त्या एकसष्ट दगडांपुढे वयाचा रकाना आज रिकामा आहे, आणि तो तसाच असायला हवा. तळटीपेत चूक झाल्याची नोंद आहे. ती चूक शोधणारीची नोंद नाही. एकवीस महिन्यांचे श्रम आणि एक नाव, एवढे देणे अजून फिटलेले नाही.