घाईबाईची सही

लिफ्टवाल्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. दोर, ब्रेक, दाराचे खटके, सगळं त्यांच्या हातातलं. पण दुरुस्तीनंतर लिफ्ट चालू करायच्या कागदावर सही लागायची ती इंजिनिअर साहेबांची, कारण पदवी त्यांच्याकडे. साहेब माणूस भला, पण एकटा आणि इमारती शंभर. ते येईपर्यंत लिफ्टवाले हात पुसत तळमजल्यावर बसून राहायचे, आणि पिशव्या घेऊन खोळंबलेली माणसं त्यांच्याकडे अशी बघायची, जणू लिफ्ट यांनीच अडवून धरलीय. ते त्यांना फार लागायचं. म्हणून मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअर झाली तेव्हा आनंदाच्या भरातही त्यांनी विचारलं होतं, "आता याच्या पुढची पदवी कोणती?"

मुलीला घरात घाईबाई म्हणत. तिच्या वाक्यातला शेवटचा शब्द ती दाराबाहेर गेल्यावर ऐकू यायचा. तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर रुग्णवाहिकेला कुठल्या रस्त्यानं जायचं ते सांगायचं. घाईबाईकडे पडद्यावरची बटणं आणि रंग होते. तिचा जीव मात्र अडकला होता रस्ते ठरवणाऱ्या टीममध्ये. तिथे लवकरच एक जागा रिकामी होणार होती. टीमचा प्रमुख म्हणाला, "आधी पाया पक्का कर. मास्टर्स कर नाहीतर ऑनलाइन शीक, मला फरक पडत नाही. तुझ्याशी बोललो की मला कळेलच."

तिला मास्टर्सला प्रवेश मिळाला. लिफ्टवाल्यांनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून ते सांगितलं, काहींना दोनदा. आणि ही म्हणते, अजून ठरलं नाही. मास्टर्सला दोन वर्षं नोकरी सोडायची, तोवर ती जागा कोण राखून ठेवणार?

"ऑनलाइन म्हणजे व्हिडिओच ना?" लिफ्टवाले म्हणाले. "व्हिडिओ बघून कुणी शहाणं होतं का?"

"बाबा, मी ढीगभर कोर्स केलेत."

"मग काय शिकलीस ते सांग मला."

तिनं भडाभडा सांगितलं. "समजलं नाही," ते म्हणाले. तिनं आणखी भरभर सांगितलं. "समजलं नाही." तिसऱ्यांदा सांगताना ती वाक्याच्या मध्येच थांबली. पुढचं तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सॉफ्टवेअरमधली माणसंच करू शकतील अशी चूक तिनं केली होती. व्हिडिओ दुप्पट वेगानं ऐकायचे. गृहपाठ मशीन तपासतं, मग हिरवी खूण उमटेपर्यंत इकडचं तिकडे करत राहायचं, उमटली की पुढचा धडा. प्रमाणपत्रं आली, पण डोक्याची पाटी कोरीच.

"मास्टर्सला हेच मिळतं, बाबा," ती रडवेली होऊन म्हणाली. "चूक पकडणारे शिक्षक, वाद घालणारे सोबती. व्हिडिओ कधी म्हणत नाही, की बाई, तुला हे कळलेलं नाही."

मग जा की, हे लिफ्टवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीला कुठली जागा हवी होती ते त्यांना ठाऊक होतं, आणि तिचा चेहरा त्यांना बघवेना. ते म्हणाले, "तेवढं तर मीही म्हणू शकतो."

"तेवढंच तर येतं तुम्हाला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक बोलण्यावर तेच म्हणताय."

मग सकाळी ऑफिसच्या आधी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरू लागला. कोर्स एकच, साध्या वेगानं. मिठाची बरणी म्हणजे हॉस्पिटल, चमचे म्हणजे रस्ते. सगळ्यात जवळचा रस्ता सगळ्यात लवकर पोचवणारा का नसतो, हे ती सांगायची आणि स्वतःला समजेपर्यंत लिफ्टवाले तिला सोडायचे नाहीत. "तुम्ही मुद्दाम करताय," म्हणत ती कधी ताडकन उठून जायची. थोडं मुद्दाम असायचंही. कोर्समधल्या दोघी अनोळखी मुलींशीही तिनं ठरवून घेतलं, की एकमेकींचं काम कठोरपणे तपासायचं.

शेवटच्या तारखेला तिनं प्रवेश नाकारला. लिफ्टवाले त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "मास्टर्सच्या झग्यातला तुझा फोटो हवा होता गं मला," ते म्हणाले. "माहितीय, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. पुढे कितीतरी दिवस ते जिना टाळून लिफ्टनं जात, कुणी प्रवेशाचं विचारू नये म्हणून.

जागेसाठी मुलाखत झाली, त्या संध्याकाळी घाईबाई कधी नव्हे ती सावकाश घरात आली. "प्रमुखांनी विचारलं, हे असंच का? मी सांगितलं. तर म्हणाले, समजलं नाही. मला हसूच फुटलं. मग पुन्हा सांगितलं, तुम्हाला सांगते तसं."

जागा तिला मिळाली.

वर्षभरानं एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, की त्यांच्याकडे कुणाचंही काम दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय रुग्णवाहिकेपर्यंत जात नाही, आणि हल्ली रस्त्यांच्या कामाला तिची मंजुरी लागते.

लिफ्टवाल्यांचा घास हातात राहिला. "म्हणजे सही?"

"तसंच समजा. माझ्या कामावर दुसऱ्यांची असते."

"पुढच्या पदवीचं कुणी विचारत नाही?"

"विचारतात कधीकधी. नाही म्हणून सांगते. पुढेमागे करीनही, हौस म्हणून."

लिफ्टवाल्यांना त्या रात्री अभिमानानं जेवण जाईना. हात धुतले आणि त्यांनी थेट जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब आता थकले होते, ऐकू कमी यायचं, त्यामुळे बातमी सगळ्या इमारतीनं ऐकली.

"वा," साहेब म्हणाले. "एक सांगू? तुम्ही केलेल्या कामावर मी न बघताच सही करायचो. बघायची गरजच नसायची."

एवढ्या वर्षांत हे लिफ्टवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण आता ते सही करणाऱ्या इंजिनिअरचे बाप होते.

"आमची बघते, साहेब," ते म्हणाले. "नीट समजल्याशिवाय सही करत नाही."