जिन्यापाशी थांबलेला ऑटो
फिनाईलचा वास आला की मला त्या सरकारी दवाखान्यातला जिना आठवतो. दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हिंगणी गावाहून आणलेल्या, पायांनी अधू मावशींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायचं, असं आम्ही कॉलेजच्या पोरांनी ठरवलं होतं. मावशींनी ऑटोची दांडी घट्ट धरली. "मले उचलू नका. मांगच्या वेळी सारे तमाशा पाहून राह्यलते. डॉक्टरलेच खाली बोलवा." आमची एक मैत्रीण वर गेली, ती येईचना. शिबिर दुपारपर्यंतच होतं. प्रमाणपत्र नाही तर पेन्शनही नाही. वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले. "मावशी, नेतो ना पटकन," मी म्हणालो. "थांब ना बापा," त्या म्हणाल्या, पण नजर त्यांचीही जिन्यावरच होती. शेवटी जिन्यात चपला वाजल्या. मैत्रिणीमागून डॉक्टर उतरत होते, "पेशंट कुठंय?" असं विचारत. "मी बिमार नाई, साहेब," मावशी म्हणाल्या, "माह्या हक्काचा कागद घ्याले आली." आता माझंच टेबल एका ऑफिसात वरच्या मजल्यावर आहे, आणि खाली ऑटो थांबला की कुणी हाक मारायच्या आत मी जिना उतरू लागतो.