सीनेच्या संथ पाण्यावरची वीज

पुढच्या वर्षी नोकरी सोडून नदीकाठी राहायला जायचं, असं मी आणि बायको दीपानं जवळजवळ ठरवलं होतं. त्याला कारण माझा मित्र मिलिंद. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दुकानात तो जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचा. तीन वर्षांपूर्वी ते सोडून माढा तालुक्यात, सीना नदीच्या काठी, सासऱ्यांच्या जमिनीवर राहायला गेला. तिथं तो संथ पाण्यावर चाक फिरवून स्वतःची वीज करतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. ते मी या ब्लॉगवर दोनदा कौतुकानं दिलेत. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेलंही लिहायला हवं.

शनिवारी सकाळी मोटरसायकलवर निघालो. पुणे रस्त्यानं मोहोळ, तिथं पोहे आणि चहा, मग शेटफळवरून उजवीकडे माढा. पेट्रोल माढ्यातच भरा, पुढं पंप दिसला नाही. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता पार उखडलाय, आणि शेवटची काळ्या मातीची पायवाट चारचाकीची नाही.

चाक मात्र सुरेख होतं. प्लॅस्टिकच्या चार ड्रमांवर तरंगणारं, पत्र्याच्या पात्यांचं. पाणी इतकं हळू की चाक मिनिटाला चार-पाच फेरेच घेतं. सायकलच्या साखळ्या लावून तो वेग वाढवलाय, त्यावर डायनामो फिरतो आणि बॅटरी भरते. दोन दिवे, मोबाइल, जमलं तर छोटा पंखा.

"हितं बिल न्हाय, लोडशेडिंग न्हाय," मिलिंद म्हणाला. मला हेवा वाटला.

तेवढ्यात चाक थांबलं. पात्यांत जलपर्णी अडकली होती. मिलिंदची बायको सुजाता विळा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मी मोबाइलवर चित्रण करत होतो. "वहिनी, जरा बाजूला होता का? चाक दिसत नाही," मी म्हणालो. त्या सरकल्या.

दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं होतं. वहिनी डाव्या हातानं वाढत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी दिसली, म्हणून विचारलं.

"पाय घसरून पडली होती," मिलिंदच म्हणाला आणि बॅटरी बघायला उठून गेला.

वहिनींनी पिठल्याचं पातेलं खाली ठेवलं. "घसरले न्हाय, भाऊजी. पात्यांतलं गवत काढलं आन् चाक एकदम सुटलं. बोटं साखळीत गेली."

"दवाखान्यात?"

"चौथ्या दिवशी गेलो. ह्यांचा व्हिडिओ व्हायचा होता."

"दिवसातून किती वेळा उतरता?"

"पाचदा, सहादा. पावसाळ्यात मोजत न्हाय."

"मग सरकारी वीज घ्या की."

"खांब बांधापत्तोर आलाय. पर वायर वढली, तर ह्यांचं व्हिडिओ कोण बघणार?"

निघताना मिलिंदला विचारलं, "हे कधी सांगितलं नाहीस?"

"लोक भ्याले असते की. चांगली कल्पना मेली असती."

"तू का उतरत नाहीस?"

"डायनामो कोण बघणार?" त्याला खरंच तसं वाटत होतं, हे जास्त लागलं. मी हे लिहिणार, असं सांगितलं. "लिही," तो म्हणाला, "पण मग परत हितं येऊ नको."

वहिनींना मी सोलापुरात हाताच्या डॉक्टरांना दाखवू म्हणालो. "बोटं आता तशीच जुळली," त्या म्हणाल्या. "वायरचं काय हुतंय का, तेवढं बघा."

वायरचं मी काही करू शकलेलो नाही. वीजमंडळाच्या कार्यालयात अर्ज घरच्या माणसानं करायचा असतो, आणि घरचा माणूस आता माझा फोन उचलत नाही. जुने दोन्ही लेख काढून टाकलेत. संथ पाण्यावर वीज होते, हे खोटं नाही. कुणाला करायची असेल, तर त्यानं गवत कोण काढणार, हे आधी ठरवावं.

घरी आल्यावर दीपाला सगळं सांगितलं.

"आपल्याकडं पाण्यात कोण उतरलं असतं?" तिनं विचारलं.

"दोघं मिळून," मी म्हणालो.

"मिलिंदभाऊजीही असंच म्हणाले असतील," ती म्हणाली, आणि ताटं घासायला आत गेली.